धुक्यातला एक मैल

त्रेचाळीसच्या हिवाळ्यात आमची पलटण इटलीत होती. मी लान्स नाईक, स्ट्रेचर पार्टीत. पुढचं टोक माझ्याकडं, मागचं सांगलीकडच्या भूपालकडं. पुढच्या चौकीपासून डॉक्टरांचं ड्रेसिंग स्टेशन एक मैल, मधे सपाट शेतं. समोर चर्चचा मनोरा दिसायचा, त्याच्या रोखानं वीस मिनिटांत पोचायचो.

त्या सकाळी सात वाजता म्हसवडच्या शिदूच्या पोटात तोफगोळ्याचा तुकडा घुसला. बाहेर बर्फ आणि दाट धुकं. सुभेदारसाहेब म्हणाले, "थांबा, कंपास येऊ दे."

मी ऐटीत म्हणालो, "कशाला साहेब? कराडात माझ्या नांगराचा तास कवा वाकडा गेला न्हाई."

"ठीक. मूव्ह."

चूक माझी. दुसऱ्या कुणाची नव्हे.

धुक्यात शिरलो आणि जग पुसलं गेलं. बुटांचा आवाज नाही, वर आभाळ नाही, सगळं पिठासारखं पांढरं. चालतोय की तरंगतोय कळेना. खरं सांगतो, लय छान वाटत होतं, आणि त्याचीच आज लाज वाटते. शिदू शुद्धीत होता.

"गड्या, मेंढरं दिसत्यात बघ. लय हायत."

"असू देत. तू बोलत ऱ्हा," मागून भूपाल म्हणाला.

पाऊण तासानं बर्फात बुटांचे ठसे दिसले. दोघांचे. मी ओरडलो, "आलो रं! कुणीतरी पुढं गेलंय!" त्या ठशांवरून निघालो. बऱ्याच वेळानं भूपाल थांबला.

"टेकव खाली. ह्या टाचेची नाल तुटलीया. ही माझीच टाच हाय."

आम्ही गोल फिरत होतो. नऊला धुकं विरलं, नऊ वीसला पोचलो. शिदू वाटेतच गेला होता. डॉक्टरसाहेब म्हणाले, "तासभर आधी हवा होता." डोळ्यांना खूण नसली की माणूस गोल फिरतो, हेही त्यांनीच सांगितलं.

शेहेचाळीसात पलटणीतून सुटून आलो आणि म्हसवडला गेलो. शिदूच्या वडलांना, आबांना, सगळं सांगितलं. ते भडकले. "मैलभर सपाट रान, आन् तुमास्नी सरळ जाता येईना?"

"आवं आबा, डोळ्यांम्होरं काय नसलं की कुणालाच येत न्हाई."

"मला येतं!"

फेटा सोडून त्यांनी डोळ्यांवर बांधला. बांधावरच्या बाभळीकडं तोंड करून कापल्या बाजरीच्या रानात निघाले. पाऊल ठाम. पन्नासेक पावलांवर डावीकडं ओढले गेले, मग वळतच राहिले. त्यांना पत्ताच नव्हता. मी मागून गप चालत होतो, हाक मारायचा धीर होईना. गुडघा कुंपणाला लागला तेव्हा थांबले. फेटा काढला. बाभूळ पाठीमागं होती.

तिथंच खाली बसले.

"दोन तास उचललं व्हय रं त्येला? टाकलं न्हाई कुठं?"

"न्हाई आबा. एकदाच टेकवला."

"मग हात लय भरून आलं असतील तुमचं."

मला रडू फुटलं. शिदू तेवीस वर्षांचा होता.