फामानूंची बैठक आणि पडद्यावरच्या दोन चौकटी

फामानू कुठल्याही घरात शिरले, की आधी खांब बघत आणि मग माणसं. कोण कुठल्या खांबाला टेकून बसलंय, फाटकी चटई कोणाच्या वाट्याला आली, कोणाची पाठ कोणाकडे झाली, हे सगळं चपला काढता काढता त्यांच्या ध्यानात येई. त्यातून काहीतरी शिजतंय असा वासही त्यांना बहुतेक वेळा येई. दक्षिण समुद्रातल्या सवाई बेटावरच्या त्यांच्या गावात लोक हसून म्हणत, की फामानूंना नारळ दिलात तर ते आधी विचारतील कोणाच्या झाडाचा, आणि मग विचारतील आजच का.

तरीही बोलणी करायला बोलावत ते त्यांनाच. ते घराण्याचे वक्ते होते. एका बाजूचा शब्द दुसऱ्या बाजूला नेताना त्यांनी त्यात स्वतःचं मीठ कधी टाकलं नव्हतं.

घराण्याचे प्रमुख वारले आणि घराच्या टोकाचा मानाचा खांब रिकामा झाला. त्या जागी कोण बसणार, हे सगळ्यांच्या होकाराने ठरायला हवं होतं. नाहीतर प्रकरण कोर्टात जाणार होतं, आणि कोर्टात गेलेली घराणी पुढे एकमेकांच्या मयतालाही येत नाहीत, हे फामानूंनी शेजारच्या गावात पाहिलं होतं.

घराण्याच्या दोन शाखा परदेशी. थोरल्या लुसियाताईंसकट ऑकलंडच्या मंडळींना त्यांच्यातला सिआओसी हवा होता, ब्रिस्बेनच्या मंडळींना त्यांच्यातला अउकुसो. मनातून फामानूंचा कल सिआओसीकडे होता. अउकुसो लहानपणीच गाव सोडून गेलेला.

बैठक संगणकावर घ्यायचं ठरलं. ऑकलंडवाले आपल्या चर्चच्या ॲपवर भेटत, ब्रिस्बेनवाले दुसऱ्याच ॲपवर. "त्यांनी आमच्यात यावं," असं दोघांनीही कळवलं. शेवटी शाळेच्या कचेरीत काम करणारी पुतणी पेनिना लॅपटॉप घेऊन आली, दोन्ही ॲप उघडली आणि त्यांच्या चौकटी पडद्यावर शेजारी शेजारी लावू लागली.

फामानू चष्मा पुसून बघत होते. पेनिना अउकुसोची सख्खी बहीण, हे ते क्षणभरही विसरले नव्हते.

"ब्रिस्बेन पुढे आणि ऑकलंड त्याच्या मागे? लुसियाताईला कोणाच्या पाठीमागे बसवतेस तू?"

"लावतेय ना काका, सरकवतेय." पेनिनाने चौकटी बाजूबाजूला केल्या.

"ब्रिस्बेन रुंद झालं."

"तिथे जास्त माणसं आहेत."

"बैठकीत जागा माणसं मोजून देतात, हे शाळेत शिकवतात वाटतं?"

पेनिनाने मधली रेघ ओढून दोन्ही चौकटी सारख्या केल्या. तेवढ्यात फामानूंना कोपऱ्यात, खाली, काडेपेटीएवढा आपला स्वतःचा चेहरा दिसला.

"आणि मला बैठकीतलं कावा पेय ढवळणाऱ्या पोरांत बसवलंस?"

"काका, इथे तुम्ही स्वतःला लहान दिसता. तिकडे मोठे दिसता."

हे तर फारच सोयीचं उत्तर होतं. त्यांनी सरळ ऑकलंडला विचारलं, "लुसियाताई, मी तुमच्याकडे कुठे बसलोय?"

"सगळ्यांच्या वर बसलायस!" लुसियाताई ओरडल्या. "नाकातले केससुद्धा दिसतायत. जरा मागे सरक, बाबा."

मग त्यांनी ब्रिस्बेनला विचारलं. तिथला एक पुतण्या चाचरत म्हणाला, "काका, तुम्ही दिसतच नाही. नुसता काळा चौकोन आणि नाव."

"काळा चौकोन! मी मेलोय का?"

"कॅमेरा एकच आहे, तो ऑकलंडकडे लावलाय," पेनिना म्हणाली. "दोन्ही आवाजही एकदम सोडले तर शिट्टी वाजते. एक सोडायचा, एक बंद करायचा."

फामानूंनी दोन्ही चौकटींवरून नजर फिरवली. म्हणजे ऑकलंडला ब्रिस्बेन दिसत नव्हतं आणि ऐकूही येत नव्हतं. ब्रिस्बेनला ऑकलंडचं तसंच. दोघंही दिसत होते ते फक्त इथे, या चटईवरून.

लुसियाताईंच्याही ते लक्षात आलं असावं. "फामानू," त्या थंडपणे म्हणाल्या, "तिकडे ते काय बोलतात, ते आम्हाला तू सांगणार. आणि लॅपटॉप चालवणार अउकुसोची बहीण. बरं आहे."

आयुष्यभर दुसऱ्यांकडे बघितलेली नजर आज त्यांच्यावर उलटली होती. पण त्यांनी आवाज चढवला नाही. त्यांनी रीत घालून दिली: एका बाजूचं बोलणं आपण दुसरीकडे जसंच्या तसं सांगायचं, मग बोलणाऱ्यालाच काय सांगितलं ते ऐकवून विचारायचं, बरोबर का? तशी बोलणी सुरू झाली. अउकुसोची स्तुती त्यांना स्वतःच्या तोंडाने, काटछाट न करता ऑकलंडला ऐकवावी लागली.

मग सिआओसी बोलला. "मला नोकरी सोडून येता येणार नाही, काका. अउकुसो गावात येऊन राहणार असेल, तर मी मागे सरतो."

फामानूंनी ते ब्रिस्बेनला सांगितलं. अउकुसोने मान खाली घातली. बराच वेळ तो गुडघ्यावरचा हात चोळत राहिला. मग म्हणाला, "येईन."

शब्द एवढाच होता. पण त्याआधीची मान त्यांनी पाहिली होती, ऑकलंडने नव्हती. नुसता शब्द नेला तर काहीतरी दडवल्यासारखं. मान सांगितली तर सिआओसीच्या बाजूने मीठ टाकल्यासारखं. आणि तसं करायचा मोह होत होता, हेही त्यांना स्वच्छ दिसत होतं.

"पोरी, त्याचा चेहरा ऑकलंडला दाखवता येईल?"

"येतो. ब्रिस्बेनची चौकट उचलून त्यांच्या पडद्यावर ठेवता येते, आवाजासकट."

"मग मघाशी का बोलली नाहीस?"

"बोलले असते, तर तुम्ही म्हणाला असतात, बघा, भावाला मधोमध बसवतेय."

तसं ते म्हणालेच असते. "ठेव," ते म्हणाले.

ऑकलंडची सगळी डोकी पुढे झुकली. लुसियाताईंनी बराच वेळ बघून विचारलं आणि फामानूंनी शब्दाला शब्द ठेवून पोचवलं, "लुसियाताई विचारतात, तोंड का पाडलंयस? बायको यायला तयार नाही, की जेवला नाहीस?"

"बायको तयार आहे," अउकुसो म्हणाला. "मला बैठकीतली मानाची भाषा येत नाही. काकांसमोर पहिलाच शब्द चुकला तर? ते आयुष्यभर लक्षात ठेवतील."

ऑकलंडमध्ये आधी कोणीतरी फुसकन हसलं, मग सगळेच हसले. सिआओसीने मांडीवर थाप मारून होकाराचा शब्द उच्चारला, "मालिए!" त्याच्यामागून लुसियाताई, मग बाकीचे. फामानूंनी तो होकार ब्रिस्बेनला पोचवला. तिथे बायका डोळे पुसू लागल्या.

फामानू हसले नाहीत. त्यांनी काळ्या चौकोनातून अउकुसोला सांगितलं, "ये. पहिलं वर्ष माझ्या घरी राहायचं. सकाळी उठल्यापासून बैठकीतलीच भाषा बोलायची. चुकलास तर तिथल्या तिथे सांगेन, लक्षात ठेवणार नाही."

"नक्की, काका?"

"नक्की," फामानू म्हणाले, आणि पेनिनाकडे वळून कुजबुजले, "हे ऑकलंडला ऐकू गेलं का? रीत मलाही लागू. लुसियाताईला विचार, मी काय म्हणालो म्हणून."