मालगुंडचे पाहुणे आणि माझी डीलक्स

चहा ओतून घ्या आधी, आणि वाऱ्याला बसा, कारण गोष्ट गरम आहे. माझ्या हातून चुका पुष्कळ झाल्या, पण जिचा मला आजही अभिमान वाटतो अशी एकच. माझ्या मोटारीला हीटर होता. कुठे? रत्नागिरीत. चालू कधी केला? वैशाखात. आणि आत कोण बसलं होतं? माझ्या मुलीला बघायला निघालेले मालगुंडचे पाहुणे.

हसा, हसा. मी थांबतो.

झालं हसून? आता मी कोण ते ऐका, म्हणजे पुढचं कळेल. मी बोटीवर आगवाला म्हणून लागलो. आगवाला म्हणजे बोटीच्या पोटात उभा राहून बॉयलरमध्ये कोळसा घालणारा माणूस. पुढे त्याच इंजिनखान्याचा सारंग झालो, सगळ्या आगवाल्यांचा मुकादम. लोक म्हणतात सारंगाने बसरा पाहिला, एडन पाहिलं, रंगून पाहिलं. कसलं काय! मी बॉयलर पाहिला. बसरा वरच्या लोकांनी पाहिला.

त्या नोकरीने माझ्या अंगात दोन गोष्टी मुरल्या. एक म्हणजे इंजिन गार पडू द्यायचं नाही. गार पडलेला बॉयलर पुन्हा तापवायचा म्हणजे काय असतं ते आगवाल्याला विचारा. आणि दुसरी, मला उकडणं कळेनासं झालं. वैशाखात सगळी आळी ओट्यावर येऊन पंखे हलवायची, तेव्हा मी आत चादर ओढून झोपायचो. बायको म्हणायची, "ह्यांचा कातडा माणसाचा नाय."

नोकरी संपवून घरी आलो तेव्हा मरियम लग्नाची झाली होती. माझी एकुलती एक मुलगी. मालगुंडच्या युसूफभाईंच्या मुलाकडून विचारणा आली. मुलगा चांगला, शिकलेला. मरियमने त्याला एका लग्नात पाहिलं होतं आणि तिचं मन तिथेच होतं. हे तिने मला सांगितलं नाही, तिच्या आईला सांगितलं. म्हणजे मलाच सांगितलं.

अडचण होती ती मुलाच्या आईची. हाजराबींचा शब्द त्या घरात शेवटचा. त्या कुणाजवळ तरी म्हणाल्या, "आगवाल्याची पोर? कोळशाच्या घरातली?" आमच्याकडे असलं बोलणं खाडी ओलांडून जेवायच्या आत पोचतं. मला ते लागलं. फार लागलं. मरियम त्या रात्री जेवली नाही, तेव्हा तर जास्तच.

मग मी ठरवलं, मोटार घ्यायची. आणि अशी घ्यायची की मालगुंडच्या लोकांनी बघत राहावं.

आता मोटार कशी घेतात हे मला कुठे ठाऊक? मला गलबत कसं घेतात ते ठाऊक होतं. माझा बाप नाखवा, म्हणजे गलबताचा मालक. त्याचं गलबत बांधलं जात होतं तेव्हा मी तिथेच खेळायचो. मेस्त्री विचारायचा, "नाखवा, ही फळी सागाची घालू की साधी चालेल?" अशा वेळी 'साधी चालेल' म्हणायचं नसतं. एकदा म्हटलं की संध्याकाळपर्यंत बंदरभर होतं, नाखव्याचा हात आखडला. आणि मेस्त्री आपणहून म्हणाला, "हे तुम्हाला नको," तर ते सगळ्यात आधी घालून घ्यायचं. त्याचं काम वाचत असतं ना!

एवढं ज्ञान घेऊन मी मुंबईला मोटारीच्या दुकानात शिरलो. कंपनीचं नाव सांगत नाही, बिचारीचा काही दोष नव्हता. टाय लावलेला एक तरुण विक्रेता पुढे आला. सज्जन माणूस. मी त्याला मेस्त्री समजलो.

"साहेब, हिच्यात दोन प्रकार येतात. एक साधी, एक डीलक्स."

"फरक काय?"

"इंजिन तेच. डीलक्सला कातड्याच्या सीटा, घड्याळ, बाहेरून चकचकीत पट्ट्या आणि दोन रंग."

"डीलक्स."

"छान. आता काही वरच्या वस्तू असतात. त्या हव्या असल्या तर घ्यायच्या, सक्ती नाही. मागच्या काचांना पडदे?"

पडदे तर हवेतच, आमच्या बायका बसणार. "घाला."

"धुक्याचे दिवे?"

"घाला."

"चाकांच्या साखळ्या? नको, त्या तुम्हाला नकोत. त्या बर्फावर घसरू नये म्हणून असतात."

तुम्हाला नकोत म्हणाला! मी विचारलं, "आमच्या पाखाडीच्या, त्या चढाच्या वाटेच्या, जांभ्या दगडावर पावसाळ्यात पाय ठेवून बघितलायत कधी? शेवाळ असतं शेवाळ. साखळ्या घाला."

त्याने माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. "बरं. मग राहिला हीटर. तो तर सोडूनच देऊ."

"का? काय असतं ते?"

"गाडी गरम ठेवायला असतो, साहेब. विलायतेत लागतो."

गाडी गरम ठेवायला! आगवाल्याच्या कानाला याच्याइतकं गोड काय लागणार? म्हणजे इंजिन गार पडू नये याची सोय. आणि हा गृहस्थ नेमकं तेच वाचवतोय!

"रत्नागिरीत थंडी असते का, साहेब?" त्याने अगदी मऊ आवाजात विचारलं.

आमच्या गावात एखादी गोष्ट नाही असं मी मुंबईच्या माणसासमोर म्हणेन? "असते," मी म्हटलं. "कडाक्याची."

त्याने मान डोलावली आणि हीटर घातला.

गाडी घरी आली आणि आळी लोटली. वर दुधासारखी पांढरी, खाली आंब्याच्या पानासारखी हिरवी. शेजारचे नाना वकील, माझे जुने स्नेही, त्यांचीही मोटार होती, पण साधी. मी त्यांना घड्याळ दाखवलं, पडदे दाखवले, साखळ्या दाखवल्या. नाना साखळ्यांकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "सारंग, तुमची तयारी दांडगी आहे." मी ते कौतुक समजलो.

बायकोला एक फेरी मारून आणली. उतरताना म्हणाली, "खाली चूल हाय काय गाडीच्या?"

"इंजिन जिवंत आहे, त्याची ऊब," मी तिला समजावलं. हीटरचा खटका मी गाडी चालू केली की आधी ओढायचो. सवयच ती.

मुलगी बघायचा दिवस ठरला. मी निरोप धाडला, बैलगाडी जुंपू नका, मी स्वतः मोटार घेऊन येतो. मालगुंडला युसूफभाई दारातच उभे होते. कडक इस्त्रीची पांढरी शेरवानी, डोक्याला नवी कोरी लाल तुर्की टोपी. हा माणूस आफ्रिकेत मोंबाशात एका शेठच्या पेढीवर होता, आणि परत आल्यापासून त्याचं एकही वाक्य 'आमच्या मोंबाशात' याशिवाय सुरू होत नसे. हाजराबी मागे बसल्या, मी पडदे ओढले. युसूफभाई पुढे, माझ्या शेजारी. त्यांनी सीट चाचपली, घड्याळाला कान लावला.

"आमच्या मोंबाशात शेठची मोटार व्हती," ते म्हणाले, "ती अशीच."

मला राग आला. "अशीच? हा खटका होता त्यात? हा डीलक्सलाच असतो. गाडी गरम ठेवतो."

युसूफभाईंनी खटक्याकडे पाहिलं. "व्हता तर."

"मग तुम्हाला सवय असेल."

"म्हणजे काय!"

मी खटका ओढला. पूर्ण.

सड्यावर, वरच्या उघड्या माळावर आलो तशी लाल धूळ उठली. पाहुण्यांची शेरवानी पांढरी, म्हणून मी सगळ्या काचा वर करायला लावल्या. आता चित्र डोळ्यासमोर आणा. वैशाखातलं टळटळीत ऊन, काचा बंद, पडदे बंद, हीटर पूर्ण उघडा, आणि चालवणारा कोण, तर ज्याला उकडतच नाही असा माणूस. मी मजेत गुणगुणत होतो.

थोड्या वेळाने मी विचारलं, "आराम आहे ना, युसूफभाई?"

"एकदम," ते म्हणाले. आवाज जरा बारीक आला.

मागून हाजराबी म्हणाल्या, "भावजी, काच थोडी..."

"धूळ येईल, भाबी. डीलक्स आहे, काच लावूनच बसायचं असतं."

मागे शांतता. मला वाटलं, गाडीने दबल्या. केवढा आनंद झाला मला! हिनेच ना माझ्या पोरीला कोळशाच्या घरातली म्हटलं होतं?

जाकादेवीला गाडी थांबवली. रेडिएटरसाठी पाण्याचा डबा मागे हाजराबींच्या पायाशी होता. बघतो तर रेडिएटरला पाणी नकोच. एवढा चढ चढून इंजिन खूश. मी युसूफभाईंना अभिमानाने म्हटलं, "बघा, हा सगळा त्या खटक्याचा प्रताप." मागे वळतो तर डबा रिकामा. हाजराबींनी रेडिएटरचं सगळं पाणी पिऊन टाकलं होतं.

"आमच्या मोंबाशात..." युसूफभाईंनी सुरुवात केली आणि वाक्य तिथेच सोडलं. असं प्रथमच घडत होतं.

पुढच्या वाटेत त्यांच्याकडे बघायला मला सवड नव्हती, रस्ताच तसा. घराच्या दारात गाडी उभी केली, ऐटीत भोंगा वाजवला. बायको ओट्यावर आली, युसूफभाई खाली उतरले, आणि बायकोच्या हातातलं तबक पडलं.

त्यांच्या कपाळावरून, गालावरून, दाढीतून लाल ओघळ वाहत होते. पांढऱ्या शेरवानीच्या गळ्यापर्यंत. टोपीचा रंग उतरला होता हो, घामाने! पण हे कुणाला माहीत?

"या अल्ला, डोका फुटला!" बायको ओरडली. झालं. आळी पुन्हा लोटली. कुणी म्हणे मोटार उलटली, कुणी म्हणे माडावर आपटली. एक जण खाटलं घेऊन आला. एक जण युसूफभाईंच्या टोपीवरून फडकं बांधू लागला. आणि युसूफभाई सांगताहेत, "मला काय झालेला नाय, मला काय झालेला नाय," तर लोक एकमेकांना म्हणताहेत, "बघा, शुद्ध हरपली."

तेवढ्यात मागचं दार उघडून हाजराबी उतरल्या. दोन पावलं टाकली आणि झोक गेला.

आता रीत तुम्हाला सांगायला नको. बघायला आलेल्या माणसांसमोर मुलीने आपण होऊन येऊ नये. आतल्या खोलीत बसावं, बोलावल्यावर यावं, मान खाली घालावी. मरियम आतून धावत आली. डोक्यावरची ओढणी कुठे, पायात वहाण नाही. तिने हाजराबींना खाली पडू दिलं नाही. सावलीत टेकवून बसवलं, त्यांचा बुरखा सैल केला, ओल्या फडक्याने तोंड पुसलं, कपाळावर हात धरून ठेवला, कोकमाचं सरबत घोट घोट पाजलं. आणि लोकांना म्हणाली, "वारा सोडा की जरा. काय तमाशा हाय?" गर्दी मागे सरली. माझ्या मुलीचा आवाज एवढा मोठा आहे हे मला तेव्हा कळलं.

माझी छाती फुगली. पण रीत मोडली होती. स्थळ गेलं, मला वाटलं. माझ्या मोटारीने घालवलं.

इकडे नाना वकील गाडी उन्हातून सावलीत घ्यायला म्हणून आत बसले होते. ते तसेच बाहेर आले, चष्मा पुसत. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "सारंग, हीटर चालू आहे."

"असणारच. इंजिन गरम नको राहायला?"

"अहो, तो इंजिनासाठी नसतो. इंजिनातलं गरम पाणी नळीने पुढे आणतो आणि ती धग माणसांवर सोडतो. म्हणजे इंजिन गार होतं आणि माणसं शिजतात."

इतके दिवस जे इंजिन गरम ठेवलं म्हणून मिरवत होतो, ते मीच गार करत होतो, आणि मालगुंडहून इथवर होणारे व्याही वाफेवर उकडून आणले होते.

सांगितलं का मी पाहुण्यांना? छे! युसूफभाई तोंड धुऊन आले आणि खालच्या आवाजात विचारलं, "सारंगभाई, ती गाडीत एवढी गरमी कशाची वो?" मी म्हटलं, "डीलक्स. तुमच्या मोंबाशातल्या गाडीतही असेलच की." त्यांनी सरबताचा पेला उचलला, मीही उचलला.

हाजराबींना बरं वाटलं तेव्हा सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. मरियम मान खाली घालून उभी, आता फार उशिरा रीत आठवलेली. हाजराबींनी तिचा हात हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाल्या, "पोर आगवाल्याची खरी. पण हात थंड हायत." आणि आपल्या बोटातली अंगठी काढून तिच्या बोटात घातली.

मग माझ्याकडे वळल्या. "भावजी, माझी एकच अट हाय. लग्नात आमचा एकही माणूस त्या मोटारीत बसणार नाय."

मी अट मान्य केली. काय करतो?

लग्न झालं. पोरीला तरी मोटारीतून सासरी धाडू म्हटलं, तर मरियम म्हणाली, "बाबा, मी पण बैलगाडीनेच जाते." घरची पोरसुद्धा बसेना! पण डीलक्स काय दारात ठेवायची? फुलांनी मढवली आणि वरातीच्या पुढे काढली. मागे बैलगाड्यांची रांग, पुढे मी. शेजारी नाना वकील, तेही मित्र म्हणून. सड्याच्या वाटेवर लोक थांबून बघत होते, बोट दाखवत होते. अशी मोटार त्या वाटेने कधी गेली नव्हती. मी ताठ बसलो होतो.

जाकादेवीच्या चढावर मागून बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता, आणि त्यातल्या एका गाडीत माझी मरियम होती. नानांनी माझ्याकडे पाहिलं.

"सारंग, डोळ्यांना काय झालं?"

"घाम आहे," मी म्हटलं. "हीटर चालू आहे ना."

नाना पुढे वाकले, नीट बघितलं. "खटका तर आत आहे."

"नाना, तुमची गाडी साधी," मी म्हटलं. "डीलक्सचा आत असला तरी चालतो."