मावशी ओरिजिनल मागते

आम्ही जुन्या नर्सेस कुणाच्या लग्नकार्यात भेटलो की पेशंट राहतात बाजूला, गप्पा निघतात त्या मेट्रनच्या! पंगत उठते तरी आमचं संपत नाही.

नव्वदच्या दशकात गंगापूर रोडच्या एका खासगी हॉस्पिटलात आम्ही होतो. मेट्रन खैरनार मॅडम. सुनीताने भावाच्या लग्नासाठी रजा मागितली. "लग्न तुझं आहे का?" रजा नाही!

पुढच्या वर्षी तिचं स्वतःचंच ठरलं. चार दिवस मागितले, तर मॅडम म्हणतात, "चार कशाला? लग्न एकाच दिवशी असतं ना?"

सुनीता लग्नाला गेली ती परत आलीच नाही.

*

एकदा मला वॉर्डात सगळ्यांसमोर झापझाप झापलं. कारण काय, तर चादरीला सुरकुती! कॉटवरच्या सिन्नरच्या आजी उठून बसल्या. "बाई, हिची सुई नाय दुखली मला. तुमचं बोलणं लय दुखतं."

मी बाथरूममध्ये जाऊन रडले. ठरवलं, इथं राहायचं नाही.

*

ठरवून काय उपयोग? आमची नर्सिंगची ओरिजिनल सर्टिफिकेटं मॅडमच्या कपाटात, कुलपात! नोकरीला लागतानाच जमा करून घ्यायचे. त्याशिवाय दुसरीकडे कोण घेणार?

मी मागायला गेले. "आईला दाखवायचंय."

"आईला इकडं घेऊन ये!"

*

मॅडम रिटायर झाल्या आणि सटाण्याकडच्या आहेर बाई आल्या. पहिल्याच सकाळी बाह्या सरसावून आमच्याबरोबर बेड लावायला लागल्या. मालेगावच्या शबानाच्या मुलाची परीक्षा होती, तर तिची ड्युटी बाईंनी स्वतः केली. वर तिलाच दम, "पोरगं नापास झालं तर तुझी खैर नाही!"

*

पण माझा जीव आधीच विटला होता. दुसऱ्या हॉस्पिटलात अर्ज टाकलेला, तिथून इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं. बाईंना खरं सांगायची लाज वाटली. म्हटलं, "मावशी आजारी आहे, उद्या रजा हवी होती."

बाईंनी सही केली. मग उठून कपाट उघडलं आणि माझं सर्टिफिकेट माझ्या हातात ठेवलं.

"असू दे जवळ. मावशी ओरिजिनल मागते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं!

इंटरव्ह्यू चांगला झाला. त्यांनी तिथल्या तिथे होकार दिला.

दुसऱ्या दिवशी राउंडला बाईंनी विचारलं, "काय गं, बरी आहे का मावशी?"

"बरी आहे, बाई. सोमवारपासून ये म्हणत होती. मी नाही म्हटलं."

"बरं. चार नंबरचं सलाईन संपत आलंय, बघ."