मॅट्रिक झालेल्या दादाची मिरवणूक

लग्न होऊन मला वर्ष झालं होतं. थोरला भाऊ मुंबईहून मॅट्रिक होऊन येणार, म्हणून मी अकोल्याला माहेरी आले होते. कापसाला सोन्याचा भाव आला तेव्हा शेजाऱ्यांनी बैलांच्या शिंगांना चांदी मढवली. आमच्या बाबांनी दादाला शिकायला धाडलं. आगगाडी तेव्हा भुसावळपर्यंतच होती. तिथून तो कापूस उतरवून परतणाऱ्या रिकाम्या बैलबंडीत बसून आला.

बाबांनी घोडा सांगून ठेवला होता.

दादा म्हणाला, "मी काय नवरदेव हाय का?"

"नवरदेव तं गल्लोगल्ली हायेत," बाबा म्हणाले. "मॅट्रिक एकच हाय. बस."

पुढे डफडं, मग घोडा, मागे आम्ही बाया. वरातीत नवरी असते, पालखीत देव असतो. इथे दादाच्या हातात नुसता मॅट्रिकचा कागद होता. तरी बाजाराच्या रस्त्यावर कापसाच्या बंड्या बाजूला झाल्या. एका बंडीवाल्यानं धोतराला हात पुसले आणि बोटाच्या टोकानं कागदाला शिवून पाहिलं.

दादाला धुळपाटीवर पहिलं अक्षर काढायला शिकवणारे पंतोजी वाटेत राहत. त्यांची दृष्टी गेली होती. डफड्याचा आवाज ऐकून ते ओट्यावर येऊन उभे होते. दादा घोड्यावरून उतरला.

"कागद आणलास? वाच."

"इंग्रजीत आहे, पंतोजी."

"असू दे."

बाबांनी हात वर केला, डफडं थांबलं. दादा वाचू लागला. एवढा रस्ता माणसांनी भरलेला, पण बैलांच्या घुंगरांशिवाय आवाज नव्हता. आमच्या घरातल्या माणसाच्या तोंडून ती परकी भाषा पाण्यासारखी येत होती. मी ऐकत राहिले.

"काही समजलं का, महाराज?" गर्दीतून कोणी विचारलं.

"नाही," पंतोजी म्हणाले. "पण कुठं अडखळला नाही."

दादानं त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. बराच वेळ उठला नाही.

सासरी जायला माझे आठ दिवस उरले होते. दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर मी दादाला म्हटलं, "मलेबी वाचायले शिकव."

बाबा समोरच सुपारी कातरत होते. मला वाटलं, आता रागावतील. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला आणि पाटी शोधायला उठले.