डाव्या कानातली शिट्टी

मला जे संगीत आवडतं ते नेमकं कोणतं, हे सांगायला गेले की समोरच्याचा चेहरा पडतो. डीजे म्हटलं की लोकांना वरात आठवते. मग मी समजावते की जुन्या किबोर्डांचे आणि जुन्या ड्रम मशीनचे आवाज घेऊन आजची मुलं नाचायचं नवं संगीत करतात. ऐकताना वाटतं आपण ऐंशी-नव्वदच्या काळात आहोत, पण त्या काळात असं कुणी वाजवलेलंच नव्हतं. एवढं सगळं ऐकून घेऊन आमच्या कंपनीतला एक सीनियर म्हणाला, "म्हणजे नव्या मालाला जुना रंग मारून विकतात." त्यानंतर दोन दिवस मी त्याला चहा विचारला नाही.

या वेडाचं मूळ आमच्याच घरात आहे. पप्पा पिंपरीतल्या एका कंपनीत प्रेस शॉपला होते, पत्रा दाबणाऱ्या यंत्रांवर, एकतीस वर्षं. त्या कंपनीतल्या सातआठ जणांची जयंतीच्या गाण्यांची एक पार्टी होती आणि पप्पा तिच्यात किबोर्ड वाजवायचे. एप्रिलमध्ये ते आठ-आठ दिवस घरात सापडायचे नाहीत. एरवी तो किबोर्ड आमच्या एकाच खोलीच्या घरात कॉटवर पडलेला असायचा, आईच्या जुन्या साडीचा तुकडा पांघरून. त्यात एक आवाज होता, काचेच्या पेल्यावर चमचा मारल्यासारखा, पण मागे लांबत जाणारा. तो ऐकत मी लहानाची मोठी झाले. पुढे पार्टी मोडली, किबोर्ड कुणीतरी मागून नेला तो परत आला नाही आणि पप्पांनाही हळूहळू ऐकू येईनासं झालं. आठ वर्षांपूर्वी वाकडला एका मैत्रिणीच्या फ्लॅटवर पहिल्यांदा हे नवं-जुनं संगीत कानावर पडलं, तेव्हा मी पाणी पीत होते. ग्लास तसाच हातात राहिला. मैत्रिणीला वाटलं ठसका लागला. तिला काय सांगणार होते, तुझ्या स्पीकरमधून आमची जुनी खोली वाजतेय म्हणून?

तेव्हापासून महाळुंग्याच्या बाजूला किंवा पुण्याच्या आसपास कुठंही अशा संगीताचा कार्यक्रम असला की मी हजर. आमच्यासारख्यांचे कार्यक्रम दुपारीच सुरू होतात. तीनला सुरू होणार असेल तर मी अडीचला गेटवर. मनगटाला तिकिटाची पट्टी बांधून घ्यायची, कुठंही न रेंगाळता सरळ पुढे जायचं आणि स्टेजच्या डाव्या स्पीकरजवळचा कठडा पकडायचा. ती माझी जागा. तिथं बेस छातीत येतो आणि वरचे बारीक आवाज डोक्यावरून जात नाहीत. आजूबाजूला दरवेळी तीच पाचदहा माणसं असतात. कुणाचंही नाव मला माहीत नाही, पण कुठल्या गाण्याला कोण डोळे मिटतं ते माहीत आहे. वयाची चौतिशी उलटली, लग्नाचं नाव नाही आणि ही पोरगी मैदानात उड्या मारते, असं आमच्या रहाटणीतल्या नातेवाइकांचं म्हणणं. ते मी या कानानं ऐकते आणि त्या कानानं सोडते.

आता कानाचंच सांगायचं आहे.

मी चाकणला गाड्यांचे पत्र्याचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे. माझं टेबल प्रेस शॉपमध्येच. तिथं पत्र्यावर प्रेस पडतो तो आवाज फक्त ऐकू येत नाही, दाढेत जाणवतो. त्यामुळे कानात बुचं घालणं सक्तीचं, दोरीनं जोडलेली केशरी फोमची बुचं. मी ती कधी विसरले नाही. उलट नव्या मुलींना मीच दटावायचे, कान काय भाड्यानं आणलेत का म्हणून. मैदानावरही गेटजवळ टेबल मांडून अशीच बुचं फुकट वाटतात. ती मी एकदाही घेतली नाही. माझं म्हणणं साधं होतं: सोमवार ते शनिवार मी कान झाकून ठेवते, रविवारी ते उघडायचा मला हक्क आहे. उपास करणारा माणूस संध्याकाळी पोटभर जेवतो, तसं. कान काही उपास धरत नाहीत आणि सोडत नाहीत, ही अक्कल मला नव्हती. असा तर्क दुसऱ्या कुणाला सुचणारही नाही. त्याला प्रेस शॉपमधलंच डोकं लागतं.

मागच्या हिवाळ्यात एका कार्यक्रमानंतर डाव्या कानात शिट्टी सुरू झाली. पूर्वीही व्हायची, सोमवार दुपारपर्यंत विरायची. या वेळी मंगळवार गेला, शनिवार गेला, महिना गेला. बारीक, सरळ, न थांबणारी शिट्टी. मी दुखणं अंगावर काढलं. आमच्या घरात ती रीतच आहे. याच काळात माझ्या अत्यंत लाडक्या संगीतकाराचं नवं गाणं आलं आणि मला ते फिकं वाटलं. वरची सगळी चमकच गेलेली. मी चाहत्यांच्या ग्रुपवर लांबलचक लिहिलं की हा माणूस आता आळशी झालाय, मेहनत घेत नाही. लोक म्हणाले, अगं छान आहे की. मी म्हटलं, तुम्हाला ऐकायची शिस्त नाही.

आणखी एक गोष्ट झाली, ती मी कुणालाच सांगितली नाही. शांत ठिकाणी ती शिट्टी वाढायची. घरात वाढायची, कंपनीत बुचं घातली की फारच वाढायची. थांबायची ती एकाच जागी, डाव्या स्पीकरसमोरच्या त्या कठड्याजवळ. तिथं दोन-तीन तास मला माझं डोकं परत मिळायचं. त्या हिवाळ्यात मी चार कार्यक्रमांना गेले. घरी सांगितलं, यंदा कलाकार चांगले आलेत.

मग कंपनीची वार्षिक मेडिकल आली. माझं नाव प्रेस लाइनच्या इनचार्जसाठी गेलं होतं. आमच्या लाइनला आजवर बाई इनचार्ज झालेली नाही आणि मला ती जागा हवी होती, अगदी उघड हवी होती. कानाच्या टेस्टमध्ये खोट निघाली की माणसाला प्रेस शॉपमधून काढून डिस्पॅचच्या ऑफिसात बसवतात, हे सगळ्यांना माहीत होतं. टेस्ट म्हणजे एका बंद डब्यात बसायचं, कानाला हेडफोन, हातात बटण. टिक ऐकू आली की दाबायचं.

ती पास कशी करायची हे मला लहानपणापासून माहीत होतं. पप्पांच्या पार्टीतले लोक चहा पिताना हसत हसत सांगायचे. दिवसभर टेस्ट घेऊन समोरचा माणूस कंटाळतो, कंटाळला की त्याचा हात तालात पडायला लागतो. उजव्या कानाला ताल ओळखायचा, डाव्याला मोजून दाबायचं. सगळे वाजवणारे, गाणारे लोक. तालात कोण चुकणार होतं? मग मी तरी का चुकेन? उजव्या कानाची टेस्ट होईपर्यंत मला त्या माणसाचा ठेका पाठ झाला होता. डाव्या कानात शिट्टीशिवाय जवळजवळ काही नव्हतं. मी मनात मात्रा मोजत राहिले आणि दाबत राहिले. खरं वाटावं म्हणून दोनदा मुद्दाम उशीरही केला. बाहेर आले तर तो म्हणाला, "मॅडम, कान एकदम छान आहेत तुमचे."

मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. घरी येऊन मी तो किस्सा पप्पांना सांगितला. ते वाटाणे सोलत बसले होते. त्यांना कानाचं मशीन लावूनही फार ऐकू येत नाही, म्हणून मशीन कपाटात असतं आणि ते आमच्या ओठांवरून वाचतात. मी समोर बसून, हातवारे करून, मजेत सांगितलं. ते हसतील असं वाटलं होतं.

त्यांनी शेंग खाली ठेवली. "डावा कान गेलाय तुझा?"

"काहीतरीच काय पप्पा. सगळं ऐकू येतं मला."

"सहा महिने झाले, आई बोलली तरी तू तिच्या तोंडाकडं बघतीस. आधी बघत न्हवतीस." ते शांतपणे म्हणाले. "मला ऐकू येत न्हाई, पण दिसतं की."

मी उसळले. माझा स्वभावच तो. पकडले गेले की आधी ओरडते. म्हटलं, तुमच्याच पार्टीनं शिकवलं हे, आता मला कशाला बोलता? ऐकू न येणाऱ्या माणसावर ओरडून काय उपयोग, पण त्यांनी शब्द न् शब्द वाचला.

"व्हय," ते म्हणाले. "एकतीस वर्षं माझ्या रिपोर्टात कान चांगलं हायती. रिटायर झालो तवा बी चांगलं. आता कुणाला सांगू, कामानं गेलं म्हणून? आमीच दाबलं न्हवं का बटण."

त्यांचं ते वाक्य ऐकून मला शरम वाटली, आणि त्याच वेळी भीतीही. पुढच्या शनिवारी सुट्टी टाकून मी चिंचवडला कानाच्या दवाखान्यात गेले. पप्पा न विचारता चपला घालून बरोबर आले.

तिथल्या टेस्ट घेणाऱ्या बाई वेगळ्या होत्या. त्यांच्या हातात ताल नव्हता. एक टिक लगेच, दुसरी कितीतरी वेळानं. मी आपोआप मोजायला लागायचे आणि मोजणं फसायचं. शेवटी मी मोजणं सोडून फक्त ऐकायचं ठरवलं. डाव्या कानाला हेडफोनमधून काहीच येईना. मी वाट बघत राहिले, बटणावर अंगठा ठेवून. काचेपलीकडे बाईंचा हात हलताना दिसत होता आणि माझ्या कानात नुसती शिट्टी. डब्यातच मला रडू आलं.

डॉक्टरांनी कागदावरची रेघ दाखवली. उजवी चांगली, डावी अर्ध्यापर्यंत बरी आणि मग खाली कोसळलेली. वरचे बारीक आवाज गेले होते. चमचा-पेल्यासारखे, झांजेसारखे, ज्यांच्यासाठी मी कठडा पकडायचे तेच. तो संगीतकार काही आळशी झालेला नव्हता. डॉक्टर म्हणाले, गेलं ते परत येणार नाही. राहिलंय ते जपा, मोठ्या आवाजापासून लांब राहा, जिथं जाल तिथं बुचं घाला. मी विचारलं, शिट्टी? ते म्हणाले, सवय होईल.

घरी आलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. आई खाली सोसायटीच्या गेटवर भाजी घेत होती. पुढच्याच रविवारचं तिकीट माझ्या मोबाइलवर होतं, महिनाभर आधी काढलेलं. पप्पांनी विचारलं, "जाणार हायस?"

मग जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते मी त्यांना सांगितलं. हळूहळू, ओठ नीट हलवत. म्हटलं, पप्पा, गाण्यासाठी जाते ते खरं, पण आता तेवढंच नाही. त्या स्पीकरसमोर गेले की शिट्टी थांबते. दुसरीकडे कुठंच थांबत नाही. मला ती थांबलेली हवी असते.

मला वाटलं त्यांना नीट वाचता आलं नाही. मी परत सांगायला लागले तर त्यांनी हात वर केला.

"कळलं," ते म्हणाले. "मी रविवारचा ओव्हरटाइम का करायचो?"

आमच्या घरातलं ते जुनं भांडण होतं. एकुलत्या सुट्टीच्या दिवशी हा माणूस घरी थांबत नाही म्हणून आई रडायची आणि मला वाटायचं, आम्ही यांना नकोसे झालोय. पुढे मोठी झाल्यावरही मी ते मनातून काढलं नव्हतं.

"घरात लई वाजायची," ते म्हणाले. "तू शेजारी बसून अभ्यास करायचीस आन् मला तीच ऐकू यायची. प्रेसवर गेलं की गप व्हायची. म्हणून जायचो. कुणाला सांगायचं हे? हसली असती लोकं."

एवढ्या वर्षांचा राग कुठं ठेवायचा ते कळेना. मी फक्त विचारलं, "अजून वाजते?"

"आता तेवढीच ऐकू येती," पप्पा म्हणाले. "बाकी काय न्हाई."

मी त्यांचा हात धरला. खूप रडले. मग त्यांना सांगितलं की सोमवारी हा रिपोर्ट कंपनीच्या डॉक्टरांना देते, इनचार्जचं होईल ते होईल. त्यांनी मान हलवली. रविवारचं मात्र त्यांनी परत विचारलं. मी म्हटलं, जाईन, पण मागे उभी राहीन, बुचं घालून.

"घालशील?"

"घालीन," मी म्हटलं. त्यांचे डोळे माझ्या ओठांवर होते. ते खरं होतं की नाही, हे मलाही माहीत नव्हतं.

तेवढ्यात आई भाजीची पिशवी घेऊन वर आली. आम्ही दोघं एकमेकांशेजारी काही न बोलता बसलेलो बघून तिला बरं वाटलं असावं. पंख्याखाली टेकत ती म्हणाली, "आज किती शांत वाटतंय नाही घरात?"

मी तिच्या तोंडाकडे बघत होते आणि पप्पाही. आम्ही दोघांनीही मान डोलावली.