उस्तादच्या लेकीचं कॉलेज

तीस वर्षं मापाचे बूट शिवून उस्तादची मान अशी खाली वळली होती, की रस्त्यात सख्खा मेहुणा भेटला तरी तो आधी त्याच्या पायांकडे बघायचा. "उजवी टाच झिजलीय, कंबर दुखत असणार," असं म्हणायचा आणि मग वर बघून, "अरे, तुम्ही होय!" एक पाय आखूड असलेली, घोटे सुजलेली, बोटं वाकडी झालेली माणसं लांबून त्याच्याकडे यायची आणि दुकानातून ताठ चालत बाहेर पडायची. माणूस खोटं बोलेल, पण त्याचा तळवा बोलणार नाही, असं तो छातीठोकपणे सांगायचा.

त्याची एकुलती एक लेक भिंगरी. पायाला भिंगरी लावल्यासारखी दिवसभर फिरायची म्हणून हे नाव पडलं ते पडलंच. कातड्याच्या कपट्यांत लोळत लहानाची मोठी झालेली ही पोर, तिने ठरवलं की आपण कृत्रिम पाय बनवायला शिकायचं. आणि ज्या कॉलेजचं चित्र तिने चार वर्षं कपाटाच्या दाराला चिकटवून ठेवलं होतं, त्या दूरच्या, काचेच्या इमारतींच्या कॉलेजने एक दिवस तिला प्रवेश दिला.

उस्ताद हातोडा खाली ठेवून नाचला. त्याला नाचता येत नव्हतं, पण त्याने तेवढ्यासाठी काही अडवून धरलं नाही. कॉलेजचं गुळगुळीत माहितीपत्रक त्याने दुकानाच्या काचेत, दोन सर्वांत महाग बुटांच्या मधोमध उभं केलं. गिऱ्हाईक माप द्यायला बसलं की त्याच्या पायाला फीत लागायच्या आत कॉलेजचं नाव कानावर पडायचं.

फीचा आकडा बघून भिंगरीच्या आईने मात्र चष्मा पुसून पुन्हा वाचला. आकडा तोच होता. बँक कर्ज द्यायला तयार होती. दुकान तारण आणि बारा वर्षं हप्ता. कागदांवर शुक्रवारपर्यंत सही हवी होती.

"अहो, पोरगी लोकांना पाय बसवणार आणि आपले पाय बँकेत गहाण!" शिलाईयंत्र थांबवून ती म्हणाली.

"होईल गं सगळं. पोरीच्या स्वप्नापुढे दुकान काय घेऊन बसलीस?"

"स्वप्नाला ना नाही माझी. हप्त्याचं विचारतेय. तिच्या पगारातला निम्म्याहून जास्त भाग त्यातच जाणार."

भिंगरी यावर नुसतं "बघू" म्हणायची आणि लायब्ररीत जाते सांगून बाहेर पडायची. जिच्या तोंडाला कधी कुलूप नव्हतं, ती पोर आठवडाभर 'बघू'वर आली होती. आपल्यावर ओझं पडेल म्हणून घाबरली असणार, असं उस्ताद धरून चालला आणि तिला धीर यावा म्हणून तो कॉलेजची आणखीच जोरात तारीफ करू लागला. शहाण्या माणसाने असं केलं नसतं, पण प्रेमात शहाणपणा कुणाला सुचतो!

बुधवारी तिने आपले बूट दुकानात टाकले. तळ सुटला होता. उस्तादने बूट उलटा केला आणि त्याचे हात थांबले. तळाच्या खाचांमध्ये पांढरं काहीतरी घट्ट बसलं होतं. त्याने नखाने खरवडलं. चुना नव्हता. प्लास्टर होतं, हाड मोडल्यावर घालतात ते, आणि एका दिवसाचं नाही, थरावर थर. चवड्याखालचा भाग असा झिजला होता, की ही पोर तासन्‌तास एका जागी उभी राहत असणार हे उघड होतं.

"भिंगरे, लायब्ररीत हल्ली प्लास्टर सांडतं का गं?"

तिने बापाकडे बघितलं, बुटाकडे बघितलं आणि सगळं कबूल केलं. सरकारी इस्पितळाच्या मागच्या संस्थेत हाच अभ्यासक्रम होता. तिथेही तिचं नाव यादीत लागलं होतं. सहज बघायला म्हणून गेली, ती तीन आठवडे रोज जात होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं तिथे गेली. लांबोडकी खोली, छताचे पोपडे निघालेले, भिंतीला ओळीने टांगलेले प्लास्टरचे पाय. मधल्या दोन दांड्यांना धरून एक ट्रकड्रायव्हर नव्या पायावर चालायला शिकत होता. उस्तादची नजर सवयीने खाली गेली आणि त्याला राहवलंच नाही. तो सरळ फरशीवर बसला.

"बुटाची टाच अर्धं बोट उंच आहे. म्हणून गुडघा पुढे पडतोय. पाय चांगलाय."

कार्यशाळेच्या बाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या. उस्तादने तिथेच टाच तासली. ड्रायव्हर चार पावलं चालला, थांबला आणि दांड्या सोडून हसला. भिंगरीने अशी आरोळी ठोकली की शेजारच्या वॉर्डातली नर्स धावत आली.

"ही आल्यापासून आधी बूट का बघते, ते आज कळलं," बाई म्हणाल्या.

उस्तादने विचारायचं ते विचारलं. बाईंनी आडपडदा ठेवला नाही. त्या कॉलेजातली यंत्रं त्यांनी फक्त चित्रात बघितली होती. तिथे शिकलेल्याला मोठी कंपनी उचलते, हेही खरं होतं. पण तिथे रुग्णाला पहिला हात तिसऱ्या वर्षी लागतो आणि इथे रोज दहा जण रांगेत असतात. इथली वर्षाची फी तिथल्या कर्जाच्या एका हप्त्याहून कमी होती.

परत येताना भिंगरीचं कुलूप निघालं.

"मला ते कॉलेज अजूनही आवडतं, बाबा. खोटं कशाला बोलू? पण कर्ज घेतलं की बारा वर्षं मी काय काम करायचं ते हप्ता ठरवणार. पगार मोठा तिकडे पळावं लागेल. मला हेच करायचंय, ह्याच माणसांसाठी. मग महागाचं घेऊन करू काय?"

"मग आठवडाभर बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतके खूश होता!"

दुकानात येऊन उस्तादने माहितीपत्रक काचेतून काढलं. बुटांच्या मधली जागा मोकळी झाली आणि त्याला एकदम भरून आलं. आपला हट्ट त्याला आत्ता कळला.

"खरं सांगू? मला ते नाव घ्यायचं होतं. माझी मुलगी अमक्या कॉलेजात आहे, म्हणून. आठवीतून शाळा सुटली माझी. इतकं मोठं नाव आपल्या तोंडात कधी आलंच नव्हतं."

भिंगरी त्याच्या शेजारी बाकावर बसली. तिचेही डोळे भरले होते, पण हसत होती.

"मग नाव घ्यायचं तर माझं घ्या ना, बाबा."

उस्तादने डोळे पुसले. मग दारात जाऊन त्याने लेकीचं पूर्ण नाव, आडनावासकट, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं एकदा घेऊन पाहिलं. समोरचा वाणी दचकून बाहेर आला. उस्तादने पुन्हा घेतलं.