‘म्हणायलोय’ खोडायचं नाही

कतारमध्ये, दोह्यातल्या आमच्या मराठी मंडळाचं मासिक सरोज बिरादार काढते. फोनवर येणारी चार पानं, पण त्यात तिचा जीव अडकलेला. मदिनत खलीफा भागातल्या शाळेत ती लायब्ररियन आहे, मूळची मराठवाड्यातल्या उदगीरची. पण इतकी वर्षं आमच्यात अशी पुणेरी बोलायची, की मला शेजारणीलासुद्धा तिच्या मूळ बोलीचा पत्ता लागला नाही!

या वेळी तिनं दोह्याजवळ अल वक्र्यात राहणाऱ्या शहाजी ड्रायव्हरचं लिखाण घेतलं. ‘आईला फोनवर बरा हाय म्हणायलोय, पण इथं मन लागंना.’ आमचे अध्यक्ष देवव्रत मात्र नाकानं कांदे सोलण्यात पटाईत. त्यांनी लाल रंगात खोडून ‘म्हणत आहे’, ‘मन रमत नाही’ असं केलं आणि वर ताकीद दिली: शुद्ध करा, नाहीतर संपादकपद सोडा.

झालं, सरोज पेटली. तिच्या शाळेतल्या आयरिश बाई, ब्रिजिड, तिला नेहमी एक गोष्ट सांगायच्या. सव्वाशे वर्षांपूर्वी त्यांच्याकडं वर्तमानपत्रवाल्यांतच जुंपली होती. आयरिश छापायची ती जुन्या ग्रंथांतली, की शेतात आणि बंदरावर बोलतात ती? राज्य इंग्रजांचं, शाळा इंग्रजीच्या, आपली भाषा म्हणजे अडाण्यांची, असं लोकांच्या डोक्यात बसलेलं. शेवटी लोकांच्या बोलीचीच सरशी झाली. आपल्या तोंडचा शब्द पेपरात दिसला तेव्हा कुठं माणसं ताठ झाली.

मंडळाच्या बैठकीत सरोजनं हे सगळं सांगितलं. देवव्रत हसले. म्हणाले, “सरोजताई, आयर्लंडचं राहू द्या. ही असली भाषा इथं कोण बोलतं?”

“मी बोलायलेय की!” सरोज म्हणाली.

बाई गं! इतक्या वर्षांत तिच्या तोंडून ही बोली मी पहिल्यांदाच ऐकत होते.

“मग राजीनामा द्या. विषय खलास,” देवव्रत म्हणाले.

सरोजनं पर्समधून फोन काढला आणि बटण दाबलं. सगळ्यांचे फोन एकदम वाजले. अंक आला होता, शहाजीचा शब्द न् शब्द जसाच्या तसा.

“राजीनामा शेवटच्या पानावर हाय,” ती उठत म्हणाली. “माझ्या बोलीत लिव्हलाय. तेवढा शुद्ध करून घ्या.”